इजारा आणि सरहद्द

विल्यम नॉक्स डार्सी या गृहस्थाने उभ्या जन्मात इराणच्या भूमीवर पाऊल ठेवले नाही. इंग्लंडात जन्मून, ऑस्ट्रेलियात वकिली करीत असता क्वीन्सलंडमधील माउंट मॉर्गन या सोन्याच्या खाणीत भागी मिळाल्यामुळे जो एकाएकी गडगंज झाला, आणि मग लंडनला परतून शर्यती व मेजवान्या यांत रमला, तो हा मनुष्य २८ मे १९०१ रोजी तेहरानात शहा मुजफ्फरुद्दीनच्या सहीशिक्क्यानिशी निघालेल्या एका सनदेने जवळजवळ पाच लाख चौरस मैल मुलखाच्या पोटातील तेलाचा साठ वर्षांपुरता धनी होऊन बसला. बदल्यात शहाला मिळावयाचे होते ते रोख वीस हजार पौंड, तितक्याच किमतीचे भाग, आणि पुढे नफा झालाच तर निव्वळ नफ्याचा शेकडा सोळा हिस्सा. दरबाराभोवती घोटाळणाऱ्या मंडळींचे हात ओले झाले ते निराळेच.

इजारा हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. पेशवाईच्या दप्तरांत तो पानोपानी भेटतो, आणि ‘मक्ता’ या त्याच्या सख्ख्या भावाने तर ‘मक्तेदारी’च्या रूपाने आजच्या अर्थशास्त्रातही कायमचे बिऱ्हाड केले आहे. सरकारचे उत्पन्न सरकारने स्वतः गोळा न करता, ठराविक रक्कम आगाऊ मोजणाऱ्याच्या हवाली करावयाचे आणि मग तो रयतेला कसे पिळतो इकडे डोळेझाक करावयाची, ही रीत किती सोयीची व किती घातक असते, हे दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती इजाऱ्याने जाऊ लागल्या तेव्हा आपल्या पूर्वजांनी भोगलेलेच आहे. इराणात या प्रकाराला ‘इम्तियाज’ म्हणत. फरक इतकाच की, बाजीरावाचा इजारदार निदान याच मुलखातला असे. शहाचा इजारदार समुद्रापलीकडचा असे, आणि त्याच्या पाठीशी त्याच्या देशाचे आरमार उभे असे.

परंतु इजारा हा नेहमी एका राज्याच्या हद्दीत दिलेला असतो. ती हद्दच वादग्रस्त असली, शेजारचा सुलतान त्याच जमिनीवर आपला हक्क सांगत असला, आणि पुढे कधी तहाच्या कलमाने ती जमीन खरोखरच शेजाऱ्याकडे गेली, तर त्या इजाऱ्याचे काय व्हावयाचे? इराण आणि तुर्कस्तान या दोन हाडवैरी शेजाऱ्यांच्या सरहद्दीवर हा प्रश्न प्रत्यक्षात उपस्थित झाला, आणि त्याचे जे उत्तर निघाले ते असे की, सरहद्द हलली. इजारा जागचा हलला नाही.

डार्सीच्या आधीही इराणचे इजारे गेलेच होते. १८७२ साली शहा नासिरुद्दीनने बॅरन ज्यूलियस डि रॉयटर या, तारेने बातम्या पोहोचविण्याच्या धंद्यात नाव काढलेल्या, गृहस्थाला रेल्वे, खाणी, जंगले, कालवे असे राज्यातील जवळजवळ सर्वच एका कागदाने देऊन टाकले. इतका अघोरी इजारा पाहून खुद्द इंग्रज मुत्सद्दीही चकित झाले. रशियाचा संताप आणि प्रजेचा क्षोभ या दोन्हींपुढे शहाला तो पुढच्याच वर्षी रद्द करावा लागला. १८९० साली तंबाखूचा इजारा मेजर टॅलबट यास मिळाला. सालीना पंधरा हजार पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा एवढ्यावर इराणातील तंबाखूची खरेदी, विक्री व निर्गत ही सारी त्याच्या कंपनीकडे गेली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस समर्रा येथील मुजतहिद मिर्झा हसन शिराझी यांच्या नावाचा फतवा निघाला आणि साऱ्या देशातील हुक्के थंड पडले. शहाच्या अंतःपुरातील स्त्रियांनीसुद्धा ते ओठाला लावावयाचे सोडले असे सांगतात. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, समर्रा हे गाव इराणात नव्हतेच. ते तुर्की सुलतानाच्या बगदाद प्रांतात होते. इराणच्या प्रजेचा धर्मगुरू शेजारच्या वैऱ्याच्या मुलखात बसलेला, आणि म्हणूनच शहाचा हात त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हता. १८९२च्या जानेवारीत इजारा उठला. पण भरपाईपोटी पाच लाख पौंड देणे आले, आणि ते फेडण्यासाठी इराणला आपले पहिले परदेशी कर्ज काढावे लागले. इजारा देऊन खजिना भरावयाचा होता. तो मोडून खजिना बुडाला.

ज्या शहा मुजफ्फरुद्दीनला युरोपच्या यात्रांसाठी पैसा हवा होता आणि जो रशियाच्या कर्जात आधीच गळ्यापर्यंत बुडाला होता, त्याच्या दरबारात डार्सीचा प्रतिनिधी मॅरियट १९०१ साली पोहोचला तेव्हा खरी अडचण इराणी वजिरांची नव्हती, रशियन वकिलातीची होती. उत्तरेच्या या बड्या शेजाऱ्याला डिवचू नये म्हणून अझरबैजान, गिलान, माझंदरान, अस्त्राबाद व खोरासान हे पाच प्रांत इजाऱ्यातून मुकाट्याने वगळण्यात आले. आणि तरीही रशियाला खबर दिली नाही असा बोभाटा होऊ नये म्हणून वजिराने एक युक्ती केली. करारनाम्याची माहिती देणारे पत्र रशियन वकिलातीत पाठविले खरे. पण ते शिकस्ता लिपीत. त्या वकिलातीतला ती लिपी वाचू शकणारा कारभारी त्या वेळी गावाला गेला होता, हे अर्थातच आधी ठाऊक होते. तो परत येऊन पत्राचा उलगडा होईतो शहाची सही वाळून गेली होती. ही कथा खुद्द इंग्रज वकील सर आर्थर हार्डिंज याने सांगितलेली आहे, आणि वकिलांच्या आठवणींवर जेवढा विश्वास ठेवावयाचा तेवढाच ठेवून ती घ्यावी. पण मोडीचे कागद हाताळलेल्या मराठी माणसाला ती चटकन पटते. शिकस्ता म्हणजे मोडलेली, आणि आपली मोडीही ‘मोडणे’ यावरूनच आली असे मानतात. ज्याच्या हातात दप्तर त्याच्या हातात राज्य, आणि ज्याला अक्षर लागत नाही त्याच्या हातात नुसताच कागद, हा अनुभव कोठल्याही जुन्या फडावर येतो.

आता सरहद्दीकडे वळू. १६३९ साली तुर्कस्तानचा चौथा मुराद आणि इराणचा शहा सफी यांच्यात झोहाबचा तह झाला आणि बगदाद तुर्कांकडे गेले ते गेलेच. पण त्या तहाने रेषा आखली नाही. अमुक टोळी तुमची, अमुक किल्ला पाडावा, अमुक डोंगर आमचा, एवढेच त्यात होते. चरावयास निघालेल्या मेंढरांना आणि त्यांच्यामागून जाणाऱ्या कुर्दांना तह कळत नसे. हिवाळ्यात ते सखल प्रदेशात उतरत आणि उन्हाळ्यात डोंगरावर चढत, आणि दोन्ही सरकारांचे अंमलदार दोन्ही ऋतूंत त्यांच्याकडून वसुली करू पाहत. १८४७ साली अर्झरूमच्या दुसऱ्या तहाने झोहाब परगण्याचा पश्चिमेकडील सखल भाग तुर्कांना आणि पूर्वेकडील डोंगराळ भाग इराणला, तसेच शत-अल-अरब नदीच्या डाव्या तीरावरील महंमरा बंदर व आबादान बेट इराणला, असे वाटप झाले. तहात हे स्पष्ट होते. प्रत्यक्षात झोहाबच्या सखल भागातून इराणी अंमल उठला नाही.

हद्द ठरविण्यासाठी तुर्क, इराणी, इंग्रज व रशियन अशा चौघांचा एक आयोग नेमला गेला. त्याच्या इंग्रज पथकाबरोबर विल्यम केनेट लॉफ्टस नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ होता. सुसा येथे जमीन उकरून प्राचीन राजवाड्याचे अवशेष हुडकण्यात तो जितका गुंतला, तितकेच आणखी एका गोष्टीने त्याचे लक्ष वेधले. बख्तियारी डोंगरांत, पुढे ज्या ठिकाणी मस्जिद-इ-सुलेमानची विहीर लागली त्या परिसरात, खडकातून तेल पाझरते, हे त्याने टिपून ठेवले. म्हणजे तेलाचा शोध हद्द मोजावयास गेलेल्या माणसाच्या टिपणवहीत सुरू झाला. (आपल्याकडचा ‘रॉकेल’ हा शब्द ‘खडकाचे तेल’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचाच अपभ्रंश आहे, हे या ओघात आठवते. ज्यांनी तो रूढ केला त्या कोठल्या तरी भुसारी दुकानदारांना लॉफ्टसचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते.) आयोगाचे काम मात्र तडीस गेले नाही. इंग्रज व रशियन मोजणीदारांचे नकाशे एकमेकांशी जुळेनात. ते जुळवून एक नकाशा करण्यास जवळजवळ वीस वर्षे लागली. आणि इतके करून निष्पन्न काय, तर सरहद्द या वीस ते चाळीस मैल रुंदीच्या पट्ट्यात कोठेतरी आहे! शेताचा बांध वीस मैल रुंद असावा तसा हा प्रकार झाला, आणि त्या बांधावर दोन्ही शेतकरी नांगर घालीत राहिले.

नेमक्या याच बांधावर डार्सीने पहिला नांगर घातला. झाक डि मॉर्गन या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने १८९२ साली कस्र-इ-शिरीनजवळील चिया सुर्ख येथे तेल असल्याचे लिहिले होते. चिया सुर्ख म्हणजे कुर्दी भाषेत लाल डोंगर. जॉर्ज रेनॉल्ड्स या इंजिनिअराने, जो हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यात घासून निघालेला होता, १९०२च्या अखेरीस तेथे विहीर खणण्यास आरंभ केला. यंत्रे बसऱ्यास उतरवावयाची, तैग्रिस नदीतून बगदादला न्यावयाची, आणि तेथून खेचरांच्या पाठीवर लादून सरहद्द ओलांडावयाची, असा मार्ग होता. म्हणजे इराणचे तेल काढण्याच्या प्रत्येक लोखंडी नळीला आधी तुर्की जकातनाक्यावरून जावे लागत होते. छायेतसुद्धा पारा १२० अंशांवर जावा असा तो उन्हाळा. पोलंड, कॅनडा आणि बाकू येथून आलेले कारागीर. आणि आपल्या वाटणीची विचारणा करीत येणारे टोळ्यांचे म्होरके, कारण शहाची सनद तेहरानात चालत असली तरी डोंगरात त्यांचाच शब्द चालत असे. १९०४च्या जानेवारीत दुसऱ्या विहिरीला तेल लागले. दिवसाला सुमारे १२० पिंपे. डार्सीला आनंदाची तार गेली. पण थोड्याच महिन्यांत तो झरा आटत गेला, तोवर दीड लाख पौंडांहून अधिक रक्कम जमिनीत गेली होती, आणि चिया सुर्खची विहीर सोडून देण्यात आली.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून झटपट सांगतो. ब्रह्मदेशात तेल काढणारी बर्मा ऑइल कंपनी डार्सीच्या मदतीस आली; रेनॉल्ड्स इराणच्या नैर्ऋत्येकडील बख्तियारी डोंगरांत गेला; २६ मे १९०८ रोजी पहाटे मस्जिद-इ-सुलेमान येथे सुमारे ११८० फुटांवर तेलाचा फवारा उसळला. १९०९ साली अँग्लो-पर्शियन कंपनी स्थापन झाली, महंमऱ्याचा शेख खझल याच्याकडून आबादान बेटावरील जागा सालीना ६५० पौंड भाड्याने मिळाली, आणि तेथे शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला. १९१४च्या जूनमध्ये ब्रिटिश सरकारने कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले. एका गृहस्थाचा इजारा होता तो एका साम्राज्याचा झाला.

पण माझे लक्ष पुन्हा त्या सोडून दिलेल्या विहिरीकडे जाते. १९१३च्या नोव्हेंबरात कॉन्स्टँटिनोपल येथे चौघा सत्तांच्या प्रतिनिधींनी एका मसुद्यावर सह्या केल्या आणि साठसत्तर वर्षे रेंगाळलेल्या हद्दीचा निकाल लावला. झोहाबच्या सखल भागापैकी मोठा पट्टा, चिया सुर्खसह, तुर्कस्तानकडे गेला. इराण त्या वेळी इतके दुबळे होते, आणि रशिया व इंग्लंड यांनी १९०७ सालीच त्याचे प्रभावक्षेत्रांत असे वाटे पाडून ठेवले होते, की त्याच्या प्रतिनिधीच्या सहीला शोभेपलीकडे फारसे मोल नव्हते. परंतु मसुद्याचे सातवे कलम वाचण्यासारखे आहे. शहाने २८ मे १९०१ रोजी विल्यम नॉक्स डार्सी यास दिलेला इजारा, इराणकडून तुर्कस्तानकडे गेलेल्या प्रदेशात पूर्णपणे व निर्वेधपणे चालू राहील, असे त्यात लिहिलेले आहे. सुलतानाने जमीन घेतली. तिच्यावरचा कर वसूल करण्याचा, तेथे कोतवाल नेमण्याचा, तेथील कुर्दांना पकडून पलटणीत घालण्याचा अधिकार घेतला. पण जमिनीखालचे तेल मात्र वैऱ्याने परक्याला लिहून दिलेले होते, ते तसेच मान्य केले.

आपल्या इतिहासात याला एक जवळचा दाखला आहे. निजामाच्या मुलखात, मराठी राज्याच्या लगत्याला, ‘दुअमली’ गावे असत. तेथे अंमल निजामाचा आणि चौथाई-सरदेशमुखीची वसुली मराठ्यांची. गावचा पाटील दोन कचेऱ्यांना जाब देई आणि दोन्हींकडे खोटे बोले. झोहाबच्या या हस्तांतरित पट्ट्याला तेलापुरती अशीच दुअमली स्थिती आली. फरक एवढाच, आणि तो काही लहान नव्हे, की चौथाई वसूल करणारा मराठा निदान शेजारी तरी होता.

१९१४च्या जानेवारीत हद्द आखणारा आयोग महंमऱ्याहून निघाला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस, उत्तरेस अरारात पर्वताच्या पायथ्याशी त्याचे काम संपले. हिंदुस्थानच्या मोजणी खात्याचे लोक त्यात होते. वाटेत दोनशेहून अधिक खांब रोवले गेले. दलदलीतून, वाळवंटातून, बर्फातून जाताना प्रत्येक खांबावर चारही देशांच्या माणसांनी वाद घालावा, आणि मग तो खांब रोवावा, असा तो नऊ महिन्यांचा प्रवास होता. शेवटचा खांब रोवला गेला त्याच सुमारास तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले.

याच ठिकाणी या कथेशी महाराष्ट्राचा रक्ताचा संबंध येतो. तुर्कस्तान युद्धात पडण्याआधीच पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची एक ब्रिगेड मुंबईहून निघून बहरैनच्या पाण्यात नांगर टाकून बसली होती, आणि ६ नोव्हेंबर १९१४ रोजी तिने शत-अल-अरबच्या मुखाशी फाओ येथे पाऊल टाकले. आबादानच्या कारखान्याचे व नळांचे रक्षण हे या मोहिमेचे एकमेव कारण नव्हते, पण ते कारणांत होते, आणि फाओहून आबादान किती जवळ आहे हे नकाशा पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. त्या ब्रिगेडमध्ये ११७वी मराठा पलटण होती. पुढे तीच, आणि १०३वी व ११०वी या मराठा पलटणी, कूतच्या वेढ्यात सापडल्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, उपासमारीने खंगलेल्या त्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली, आणि जे कैद झाले त्यांतले कित्येक वाळवंटातल्या पायपिटीतच संपले. ११७व्या पलटणीला मेसोपोटेमियातील पराक्रमाबद्दल ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. कोकणात आणि देशावर कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसविलेला एक संगमरवरी फलक अजून दिसतो. या गावातून इतके गडी १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच हिशेब त्यावर असतो. ते कोठे गेले आणि कशासाठी, ते फलकावर लिहिलेले नसते. गावातले म्हातारे ‘बसऱ्याला’ म्हणत. बसरा हे त्यांच्या तोंडी एका शहराचे नाव राहिले नव्हते, जेथून माणूस परत येत नाही अशा जागेचे झाले होते.

सरहद्दीच्या पलीकडेही १९१४ साली दुसरा इजारा आकार घेत होता. तुर्की सुलतानाच्या मोसल व बगदाद प्रांतांतील तेलावर जर्मन बँक, डच-इंग्रज शेल कंपनी, आणि इराणचा इजारा हाती असलेली अँग्लो-पर्शियन या तिघांची नजर होती. १९१४च्या मार्चमध्ये लंडनला, ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या साक्षीने, तिघांचा समेट झाला: टर्किश पेट्रोलियम कंपनीत निम्मा वाटा अँग्लो-पर्शियनचा, बाकी निम्म्यात इतर दोघे, आणि त्यांतूनच मध्यस्थी करणाऱ्या गुलबेंकियन या आर्मेनियन गृहस्थाला शेकडा पाच. सुलतानाच्या राज्यात तेलाच्या व्यवहारात एकमेकांना डावलून कोणी स्वतंत्र पडू नये अशी त्यांनी शपथ घेतली. फक्त इजिप्त, कुवेत आणि इराणी सरहद्दीवरील ‘हस्तांतरित प्रदेश’ एवढे अपवाद ठेवले. म्हणजे डार्सीच्या पट्ट्याला येथेही कोणी हात लावावयाचा नव्हता. तुर्की वजीर सैद हलीम याने तेलाचा पट्टा देण्याचे वचन ज्या पत्राने दिले, त्या पत्राची तारीख २८ जून १९१४. त्याच दिवशी साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. तुर्की साम्राज्य चार वर्षांत कोसळले. पत्र मात्र टिकले, आणि त्याच्या आधारावर नव्या इराक सरकारने १४ मार्च १९२५ रोजी पंचाहत्तर वर्षांचा इजारा दिला. १९२७च्या ऑक्टोबरात किर्कुकजवळ बाबा गुरगुर येथे, जेथे जमिनीतून निघणाऱ्या वायूच्या ज्वाला प्राचीन काळापासून जळत आल्या आहेत, तेल असे उसळले की कित्येक दिवस आवरता आवरेना.

मोसलवर तुर्कस्तानचा दावा होता तो सुटला कसा, हेही याच ओघात पाहावे. राष्ट्रसंघाने १९२५च्या डिसेंबरात मोसल इराकला दिले. तुर्कस्तानने कुरकुर केली. आणि १९२६च्या जूनमध्ये अंगोऱ्याला तह झाला, त्यात इराकने आपल्याला तेलाच्या हक्कापोटी मिळणाऱ्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा पंचवीस वर्षे तुर्कस्तानला द्यावा असे ठरले. दावा सोडण्याच्या बदल्यात शेजाऱ्याला उत्पन्नाचा अंश, याला चौथाई म्हणावे की दशमांश, हा केवळ अंकगणिताचा प्रश्न आहे.

हस्तांतरित पट्ट्यात चिया सुर्खच्या दक्षिणेस, अगदी नव्या सरहद्दीला चिकटून, १९२३ साली आणखी एका विहिरीला भरघोस तेल लागले. त्या जागेचे नाव नफ्तखाना; नफ्त म्हणजे तेल. कारखाना आणि दवाखाना म्हणणाऱ्या आपल्या कानांना पुढचा अर्थ सांगावयास नको. अँग्लो-पर्शियनने तेथील कामासाठी खानाकीन नावाची पोटकंपनी काढली आणि १९२७च्या सुमारास अल्वंद नदीकाठी शुद्धीकरणाचा कारखाना घातला. पण तेलाचा थर सरहद्दीशी संपत नव्हता. खांबाच्या पलीकडे इराणात तोच खडक, तेच तेल. त्या बाजूला नाव मिळाले नफ्त-इ-शहा, आणि १९३५च्या सुमारास तेथून केर्मानशहापर्यंत नळ टाकला गेला. एकाच हंड्यात दोन घरांच्या पळ्या पडल्या. दोन्ही सरकारे एकमेकांकडे संशयाने बघत. पलीकडचा पंप जास्त तेल ओढतो का याची चिंता दोघांनाही वाटणे साहजिक होते. पण दोन्ही पळ्या एकाच स्वयंपाक्याच्या हातात होत्या, आणि कोणती कधी बुडवावयाची हे बगदादही ठरवीत नव्हते आणि तेहरानही नाही.

तशीच गत आबादानच्या धक्क्याची. १९१४च्या रेषेने शत-अल-अरबमध्ये, महंमऱ्याचा अपवाद वगळता, इराणचे राज्य काठावर संपत असे आणि पाणी सुरू झाले की ते इराकचे. जगातील एका मोठ्या तेलशुद्धी कारखान्याच्या धक्क्याला लागलेले जहाज दोर इराणच्या जमिनीला बांधून इराकच्या पाण्यात तरंगत असे. १९३७च्या जुलैमधील तहाने आबादानसमोर काही मैलांपुरती हद्द नदीच्या मध्यधारेवर सरकविली, तेव्हा कोठे तेवढी विसंगती मिटली. बाकी नदीचे भांडण तसेच राहिले.

इराणच्या रझा शहाने १९३२च्या नोव्हेंबरात डार्सीचा इजारा रद्द केला. १९३० साली सुमारे तेरा लाख पौंड आलेला राजहिस्सा पुढच्या वर्षी तीन लाखांवर घसरला होता, आणि निव्वळ नफा किती झाला हे कंपनीने सांगावे व शहाने ऐकून घ्यावे, या हिशेबाचा त्याला वीट आला होता. प्रकरण राष्ट्रसंघापुढे गेले आणि १९३३च्या एप्रिलमध्ये नवा करार झाला. क्षेत्र एक लाख चौरस मैलांवर आले, टनामागे चार शिलिंगांचा दर ठरला, सालीना किमान साडेसात लाख पौंडांची हमी मिळाली. पण मूळ इजारा १९६१ साली संपणार होता तो आता १९९३पर्यंत वाढला. ज्याने इजारा रद्द करावयाचा म्हणून आरोळी ठोकली त्याच्याच हातून त्याला बत्तीस वर्षांचे आयुष्य वाढून मिळावे, याला मी तरी मुत्सद्देगिरी म्हणू शकत नाही. गंमत अशी की, सनदेचे मूळ झाड इराणात तुटले, तरी सरहद्दीपलीकडे इराकात रुजलेली तिची फांदी आपल्या स्वतंत्र करारावर हिरवीच राहिली.

शेजाऱ्याच्या इजाऱ्याचा हत्यार म्हणून उपयोग कसा होतो, हे १९५१ साली दिसले. मार्चमध्ये इराणच्या मजलिसने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले, मुसद्दिक पंतप्रधान झाले, आणि आबादानहून इंग्रज निघून गेले. १९५० साली इराणने सुमारे तीन कोटी टन तेल काढले होते. ते बाजारातून एकदम नाहीसे झाले म्हणजे इंग्लंड गुडघ्यावर येईल, असा मुसद्दिक यांचा कयास होता. पण आबादानच्याच कंपनीचा इराकच्या इजाऱ्यात एव्हाना जवळजवळ चौथा आणि कुवेतच्या इजाऱ्यात निम्मा वाटा होता. तेथील चाव्या मोकळ्या सोडण्यात आल्या. किर्कुकचे तेल भूमध्य समुद्राकडे दुपटीतिपटीने वाहू लागले. बगदादनेही संधी साधली आणि १९५२च्या फेब्रुवारीत नफ्याची निम्मेनिम वाटणी पदरात पाडून घेतली. इराण जे मागून उपाशी राहिले, ते त्याच्या उपासामुळे शेजाऱ्याला न मागता मिळाले. १९५३च्या ऑगस्टमध्ये मुसद्दिक पदच्युत झाले.

इराकने आपल्या इजाऱ्याचा निकाल १ जून १९७२ रोजी राष्ट्रीयीकरणाने लावला, आणि १९७९च्या क्रांतीनंतर इराणातही परकी कंपन्यांचा अंमल उरला नाही. इजारदार गेले, भांडण राहिले. २२ सप्टेंबर १९८० रोजी इराकची फौज इराणात शिरली तेव्हा कस्र-इ-शिरीन आणि नफ्त-इ-शहा ही तिने पहिल्याच झपाट्यात घेतलेल्या ठिकाणांत होती. शहा नाहीसा झाल्यामुळे त्या गावाला आता नफ्तशहर म्हणतात. २००९च्या डिसेंबरात इराणी शिपायांनी दक्षिणेकडे सरहद्दीवरील फक्का येथे चौथ्या क्रमांकाच्या विहिरीवर आपले निशाण लावले. चारदोन दिवसांनी ते उतरवून मागे हटले. नफ्तशहर आणि नफ्तखाना ही दोन गावे आजही एकाच तेलाच्या खडकावर बसलेली आहेत. आणि चिया सुर्ख, जेथे रेनॉल्ड्सने इराणच्या शहाच्या सनदेवर पहिली विहीर खणली, ते गाव आज इराकात आहे.